शिशावरचे दात

"वनिताताई, एखादं मोकळं ताट मिळेल का?" देवस्थळी सरांनी पडवीतून विचारलं.

मला वाटलं, भूक लागली. अकराच वाजले होते आणि भात अजून शिजत होता. मी आतूनच म्हटलं, "थोडं थांबा सर, भाताला वाफ यायचीय."

"जेवायला नको हो. मांडायला हवंय."

मी स्टीलचं ताट घेऊन बाहेर आले. सरांची पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली होती आणि त्याखाली खाडीच्या चिखलाचे मोजे चढले होते. वय अडुसष्ट, पण चेहरा बक्षीस मिळालेल्या मुलासारखा. त्यांनी रुमालाची पुरचुंडी सोडून ताटात ओतली. पडताना आवाज झाला तो लोखंडाचा नव्हता, नाण्यांचाही नव्हता. जड, बोदा आवाज होता. वस्तू नीट दिसायच्या आधी मला तो आवाज ओळखीचा वाटला.

या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली. मी तेव्हा एकेचाळीसची होते. खाडीकाठच्या आमच्या भोईवाडीत मी दोन खोल्या पाहुण्यांना द्यायचे आणि जेवण करून घालायचे. लग्न केलं नव्हतं. म्हणजे झालं नव्हतं. स्थळं यायची, पोहे खायची, मग मुलीचे वडील कुठे असतात असं विचारायची आणि चहा अर्धा टाकून उठायची. बायको-पोरीला सोडून मुंबईला पळालेल्या माणसाची मुलगी कोण करणार? पुढे पुढे मी पोहेच करायचे सोडले.

देवस्थळी सर पुण्याचे, इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक. परवानगीचं पत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणि जमिनीतला धातू ओळखणारं मशीन खांद्याला लावून चार दिवसांसाठी आले होते. आमच्या मागच्या दारातून समोर जुना धक्का दिसतो. धक्का म्हणजे नावालाच. फळ्या केव्हाच गेल्या, लाकडी खुंट तेवढे उरलेत, तेही भरतीला बुडतात. तिथे पूर्वी चौकी असावी असा सरांचा कयास. रोज ओहोटी लागली की ते चिखलात उतरायचे आणि त्यांचं मशीन कुंई कुंई करत राहायचं. तीन दिवसांत खिळे, बोल्ट आणि एक कंदिलाची टोपी मिळाली होती. आई त्यांना म्हणालीसुद्धा होती, "भंगारवाल्याला भागीत घ्या आता." सर मनापासून हसले होते.

चौथ्या दिवशी हे ताट.

"ओळखा पाहू, काय आहे?" सर म्हणाले.

बोटाच्या पेराएवढे, करड्या-पांढऱ्या पापुद्र्याचे तुकडे होते. त्रेचाळीस. सरांनी दात घासायचा जुना ब्रश घेऊन एकेक साफ करायला सुरुवात केली. त्यांना उत्तर नकोच होतं, सांगायचं होतं.

"शिसं आहे. आधी वाटलं, बंदुकीच्या गोळ्या. पण मग गोल का नाहीत? अशा चेपलेल्या का? आणि आता हे बघा." त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. "दिसलं? दात. माणसाचे दात आहेत हे, वनिताताई."

मला भिंगाची गरज नव्हती. तरी मी डोळ्याला लावलं.

"त्या काळात भुलीचं औषध कुठलं? शिपायाचा पाय कापायचा तर त्याच्या तोंडात शिशाची गोळी द्यायचे, चाव म्हणून. असं जुन्या आठवणींमधून येतं. एखाद-दुसरी गोळी मिळते कुठे कुठे. पण एका जागी त्रेचाळीस? म्हणजे इथे त्रेचाळीस जखमी होते. इथे लढाई झालीय आणि तिची कुठेच नोंद नाही." त्यांचा आवाज हळू झाला. "कोण असतील बिचारे. घरी कुणाला कळलंही नसेल."

"कुठे मिळाले हे?" मी विचारलं.

त्यांनी वही उघडली. माणूस शिस्तीचा. प्रत्येक तुकडा जिथे मिळाला, तिथे कागदावर ठिपका काढला होता. मध्ये एक चौकोन, त्यावर लिहिलं होतं, 'खुंट, मोडका, गाळाखाली.' आणि त्याच्याभोवती ठिपके. सगळे मिळून गोल झाला होता. एका बाजूला तो गोल आत ओढल्यासारखा होता, जर्मनच्या वाटीचा काठ चेपावा तसा.

"शेकोटीभोवती बसवले असतील," सर म्हणाले.

मी त्या गोलाकडे बघत राहिले. असा गोल पाडणारा आमच्या वाडीत एकच माणूस होता.

माझे वडील, भागोजी. हाताने फेकायचं गोल जाळं असतं, पाग म्हणतात त्याला. त्याच्या काठाला शिसं ओवलेलं असतं, म्हणून ते पाण्यात पटकन बुडतं आणि मासा खाली कोंडतो. ते फेकणं येरागबाळ्याचं काम नाही. नवशिक्याचं जाळं गोधडीच्या बोळ्यासारखं पडतं. बाबांचं मात्र हवेत उघडायचं आणि पाण्यावर ताटासारखं गोल टेकायचं. काठावरची माणसं हातातलं काम सोडून बघायची.

शिसंही ते घरीच करायचे. जुन्या बॅटरीतलं शिसं डब्यात वितळवायचं, चिरलेल्या बांबूच्या पन्हळीत ओतायचं, पट्टी निवली की विळ्यावर तुकडे करायचे. मग एकेक तुकडा जाळ्याच्या दोरीभोवती वळवायचा आणि दाबायचा. बाकीचे पकडीने दाबत. बाबा दाताने दाबायचे. "पक्कड दोरी कापते," ते म्हणायचे. "दाताला कळतं, कुठं थांबायचं ते." शेवटच्या जाळ्याच्या वेळी मी त्यांच्या शेजारी बसले होते आणि हट्ट करून निम्मे तुकडे मी दाबले होते. शिसं विषारी असतं हे आमच्याकडे कुणाला ठाऊक होतं? त्याच्या आदल्या वर्षी मी धक्क्याच्या पायरीवर पडून वरच्या पुढच्या दाताचा कोपरा तोडून घेतला होता. त्यामुळे माझ्या चाव्यात एक रेघ सरळ उमटायची आणि तिच्या शेजारी एक तिरपी खाच. बाबा तुकडा बोटाने चाचपून म्हणायचे, "वनूचं शिसं मी काळोखात पण ओळखीन."

मी ताटातला एक तुकडा उचलला. सर काहीतरी बोलत होते. मी तो तोंडात घातला आणि पुढच्या दातांत धरला.

"अहो, शिसं आहे ते," सर घाबरून म्हणाले. "विषारी असतं. चिखल आहे त्याला."

तुकडा बरोबर बसला. सरळ रेघेत सरळ दात, तिरप्या खाचेत मोडका दात. एकतीस वर्षांत बाकी सगळी मी बदलले होते, तेवढा दात तसाच होता. जिभेवर खारट चिखल आला आणि त्याच्यामागून ती जुनी, गोडसर, कडवट चव. मी तुकडा काढला, पदराला पुसला आणि सरांपुढे धरला. मग ओठ वर करून दात दाखवला.

सरांनी भिंगातून तुकडा बघितला. मग माझ्याकडे बघितलं. पुन्हा तुकडा बघितला. चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"जाळ्याचं आहे का हे?"

"हो."

"कुणाचं?"

"आमचं."

दुसरा कुणी असता तर दहा प्रश्न विचारले असते. सरांनी ताट दोन्ही हातांनी उचलून माझ्याजवळ सरकवलं, वहीतला तो कागद टर्रकन फाडून ताटाशेजारी ठेवला आणि म्हणाले, "मग हे माझं नाही." जरा वेळाने ते पायाचा चिखल न धुताच खोलीत निघून गेले. त्या माणसाबद्दल मला आजही आदर आहे.

मी पडवीत बसून राहिले. आत भात लागल्याचा वास आला, उठवेना. आई खाडीत गेली होती. ओहोटीला चिखलातून तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, काढायच्या, हे तिचं रोजचं काम. बाबा गेल्यापासून त्याच्यावरच तिने मला वाढवलं. चौसष्टीला आली, गुडघे बोलायला लागले, खोल्यांचं भाडं यायला लागलं, तरी जायची थांबत नव्हती. ती यायला अजून अर्धा तास होता. तेवढ्या वेळात ताट उचलून माळ्यावर टाकता आलं असतं. खरं सांगते, दोनदा उठले त्यासाठी.

कारण आईचा नवरा जिवंत होता. पळपुटा, बेइमान, पण जिवंत. तिच्या हातात हिरव्या बांगड्या होत्या आणि कपाळावर कुंकू होतं. दर नागपंचमीला मीच तिला कासाराकडे न्यायचे. ती हात पुढे करायची आणि तोंडाने बाबांचा उद्धार सुरू व्हायचा. "भर बाबा, भर. मेला तिकडं दुसरीला भरत असंल." जिवंत समजून ती त्यांना रोज मेला म्हणायची. बाबांचा एकुलता एक फोटो तिने ट्रंकेच्या तळाशी उपडा घातला होता. पितृपक्षात वाडीभर पानं ठेवायची, आमच्याकडे नाही. कुणी विचारलंच तर म्हणायची, "जित्याचं पान कोण ठेवतं?" त्या रागावर तिने एकतीस वर्षं काढली होती. तो काढून घेतला तर ती उभी कशी राहील, हे मला कळत नव्हतं. आणि माझं काय होईल, हेही.

ती मागच्या दारानेच आली. टोपली टेकवली, पाय धुतले आणि पडवीत डोकावली.

"करपला ना भात? ध्यान कुठं हाय तुजं?" मग ताट दिसलं. "ह्ये काय?"

"सरांना मिळालं. धक्क्याजवळ, गाळात."

ती खाली बसली. एक तुकडा घेऊन अंगठ्याने चोळला. "पागाचं शिसं हाय." दुसरा घेतला. त्याच्यावर बाबांच्या दाढांचा खोल दाब होता. तिने तो जरा जास्त वेळ धरला. मग तिसरा घेतला, त्याची तिरपी खाच तिच्या नखाखाली आली आणि नख तिथेच थांबलं.

"ह्ये तुजे दात."

"होय."

"म्हंजे श्रावणात केलेलं. नवं जाळं."

"होय, आये."

"ते तर इकून गेला होता. गाडीभाड्याला."

"असं लोक म्हणाले."

मी सरांचा कागद तिच्यापुढे केला. तिला अक्षर येत नव्हतं, पण तो गोल तिला वाचता आला. तिने ठिपक्यांवरून बोट फिरवलं. चेपलेल्या बाजूला बोट अडकलं.

"मदी काय हाय?"

"खुंट. मोडका. वरून दिसत नसेल, उधाणाचं पाणी होतं."

पिठोरीच्या अमावस्येचं उधाण होतं ते. त्याने धक्क्यापाशी ढीगभर गाळ लोटला होता. बाबा पहाटे निघून गेले होते. आदल्या संध्याकाळी दोघांचं भांडण झालं होतं आणि ते ओरडले होते, "जातो मी एकदाचा. मग बसा दोघी." वाडीने ते भिंतीपलीकडून ऐकलं होतं.

"दोरी," आई म्हणाली. एवढंच.

जाळ्याची दोरी डाव्या मनगटाला अडकवतात. सगळे सैल फास ठेवतात, ओढ लागली तर हात निघावा म्हणून. बाबा गाठ मारायचे. एकदा प्रवाहात त्यांचं एक जाळं गेलं होतं, तेव्हापासून. आई त्यावरून नेहमी करवादायची, हे जाळंच एक दिवस तुम्हाला नेईल म्हणून.

खाडीत भरती फिरली होती. मग तिने मान वर केली. डोळे कोरडे होते.

"मंग एसटीत कोण बसला?"

हा प्रश्न येणार हे मला ताट बघितल्यापासून माहीत होतं. खरं तर एकतीस वर्षांपासून.

"कुणी नाही," मी म्हटलं. "मी खोटं बोलले, आये."

तिने कागद खाली ठेवला.

तो तिसरा दिवस होता. दोन दिवस वाडीतल्या होड्या खाडी धुंडाळत होत्या आणि रिकाम्या येत होत्या. घरात बायका जमल्या होत्या. थोरली काकी म्हणाली, "खाडीनं घेतलेला परत येत नाय. किती दिस असं बसायचं?" तिने आईला भिंतीशी बसवलं, हात पाटावर ठेवायला लावला आणि वरवंटा मागितला. आई ओरडत नव्हती, रडत नव्हती. फक्त बांगड्यांवर दुसरा हात झाकून बसली होती. काकी तो हात सोडवत होती. मी दहा वर्षांची होते. त्या बांगड्या फुटल्या की बाबा मरतील, एवढंच मला कळत होतं. मी दारातून म्हटलं, "बाबा एसटीत बसले. मी बघितलं. मुंबईच्या गाडीत." सगळ्या माझ्याकडे वळल्या. कुणी विचारलं, "हातात काय होतं?" मी म्हटलं, "पिशवी." कुणी विचारलं, "जाळं?" मी म्हटलं, "नव्हतं." बाकीचं मग त्यांनीच जोडून घेतलं.

काकीने वरवंटा खाली ठेवला. संध्याकाळपर्यंत होड्या माघारी आल्या. त्यानंतर बाबांना कुणी शोधलं नाही.

हे सगळं मी आईला सांगितलं. मोडत, अडखळत, पण सांगितलं. आधी वाटायचं, उद्या सांगू. मग बाबांना मुंबईत पाहिलेली माणसं भेटायला लागली. एकाने तर त्यांना दादरला भाजी घेताना पाहिलं होतं, सोबत बाई होती म्हणे. तेव्हा मलाच वाटायला लागलं, की मी खरंच त्यांना गाडीत बसताना बघितलं असेल. आपलंच खोटं इतकी माणसं खरं करून देतात, तेव्हा ते परत मागता येत नाही.

"का बोललीस?" आईने विचारलं. सगळं ऐकूनही तिने विचारलं.

"काकी बांगड्या फोडत होती."

आईने स्वतःच्या हातांकडे बघितलं. उन्हाने काळे पडलेले हात, चिखलाने सुजलेली बोटं आणि त्यावर हिरव्या बांगड्या. ती मला मारेल असं वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"रोज तिथंच जातेय मी," ती म्हणाली. "त्या खुंटाच्या अलीकडं लई तिसऱ्या मिळतात. एकतीस वरसं. तुला त्यातच वाढवली." तिने कागदावरच्या चौकोनावर बोट ठेवलं. "वर उभी राहून शिव्या घालत होते गं मी त्याला. तो खाली होता."

मला रडू आलं. ती रडली नाही. तिने ताटातले तुकडे एकेक करून वेगळे केले, एका बाजूला दाढांच्या खुणांचे, एका बाजूला माझ्या दातांचे. दाढांच्या खुणांचे तेवढे पदरात घेतले आणि मुठीत धरले. मग उठली, गुडघ्यावर हात देत. आत गेली. ट्रंक उघडल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात बाबांचा फोटो होता, कडांना वाळवी लागलेला. तो तिने मागच्या दाराच्या उंबऱ्याशी, खाडीकडे तोंड करून टेकवला आणि शेजारी बसली. मला हाक मारली.

"साबण आण."

मी साबण आणि तांब्याभर पाणी आणलं. तिने दोन्ही हात माझ्यापुढे केले.

"तूच राखल्यास ना ह्या. आता तूच काढ."

मी तिचा हात हातात घेतला. बांगड्या घट्ट होत्या. भरल्या तेव्हाच कासाराने बोटं दाबून दाबून चढवल्या होत्या. बोटांचे सांधे आता आणखी सुजले होते. पहिली बांगडी सांध्याशी अडली. मी म्हटलं, "आये, ही निघत नाही. हळूच फोडू का?"

"फोडू नको," ती म्हणाली. भरतीचं पाणी धक्क्याच्या खुंटांपर्यंत आलं होतं आणि ती तिकडे बघत होती. "इतक्या जवळ हाय तो. आवाज जाईल त्याला."

मी पुन्हा साबण लावला. एकेक करून सगळ्या काढल्या. फोटोपाशी ठेवतानाही एकीवर दुसरी आपटू दिली नाही.